दगडी टेबलाला अनुमोदन

मी पुणं सोडलं तो रविवार आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेचा होता. विमानतळाची टॅक्सी फाटकाशी उभी, आई पदराने डोळे पुसतेय आणि बाबा पार्किंगमधल्या सभेतून जेमतेम दोन मिनिटांसाठी उठून आले. "पोचलीस की कळव," म्हणून पाठीवर हात ठेवला आणि घाईने परत गेले, कारण पाण्याच्या टाकीच्या ठरावाला त्यांना अनुमोदन द्यायचं होतं. मी टॅक्सीत फुरंगटून बसले. बाबा जन्मात कधी सूचक झाले नाहीत, कायम अनुमोदकच. "मांडणारा एकटा पडला की ठराव पडतो गं," म्हणायचे. आम्ही बहिणी त्यांची यथेच्छ टर उडवायचो.

सिंगापूरला आल्यावर सभाबिभा बंदच. कामाच्या पासवर आलेल्याने नाकासमोर चालावं, इथल्या राजकारणाच्या वाटेला जाऊ नये, हे इकडे आलेल्या तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये वर्षं गेली. पीआर झालं, म्हणजे कायम राहण्याची परवानगी मिळाली, मग नागरिकत्व. भारतीय पासपोर्ट परत केला त्या दिवशी मी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, चारचौघांत रडले. लेक तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, डोन्ट क्राय लाह, पीपल लुकिंग." तिला कसं समजावणार, आणि तिकडे राहिलेल्या तुम्हाला तरी कसं?

त्यानंतर काही महिन्यांनी आमच्या भागाच्या खासदारबाई आमच्या ब्लॉकखाली, इथे इमारतीला ब्लॉक म्हणतात, रहिवाशांशी बोलायला येणार असं कळलं. आता मतदार झालोय तर बघून येऊ, म्हणून नवऱ्याला ओढत घेऊन गेले. तो तिकडे लांब तुआसला कामाला, तिथून दमून आलेला, त्यामुळे आम्ही अगदी मागे बसलो.

विषय होता तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेतलं दगडी टेबल. संध्याकाळी तिथे म्हातारे बुद्धिबळ खेळतात, मोठमोठ्याने वाद घालतात. तक्रारी आल्या होत्या, टेबल काढायचं जवळपास ठरलंच होतं. तेवढ्यात आमच्या खालच्या मजल्यावरच्या लिम आंटी उठल्या. त्यांच्या नवऱ्याला आता फारसं काही आठवत नाही. लिफ्टमधून उतरून त्या टेबलापर्यंत तेवढे ते एकटे जातात, बाकी कुठेही गेले की हरवतात. टेबल काढलंत तर माझा माणूस घरात कोंडला जाईल, एवढंच त्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या. सूत्रसंचालकाने "नोटेड" म्हणून पुढचा विषय घेतला. आंटी मात्र उभ्याच होत्या. मला ते बघवेना.

मी उठले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आय सेकंड."

पण इथे कोणी ठराव मांडत नाही आणि कोणी अनुमोदनही देत नाही. इथे लोक फक्त फीडबॅक देतात. सूत्रसंचालकाने गोंधळून विचारलं, सेकंड म्हणजे काय? लोक हसले. नवऱ्याने कपाळाला हात लावला. माझे कान तापले, पण आता बसणं शक्य नव्हतं. आंटींनी ठराव मांडलाय, माझा त्याला पाठिंबा आहे, आता बाकीच्यांनी हात वर करून सांगावं, असं मी बोलून गेले. पुढच्या रांगेतल्या मलाय शेजारणीने हात वर केला. मग तिच्या मुलाने. मग इतके हात वर झाले की खासदारबाईंना हसून वही पुन्हा उघडावी लागली.

टेबल राहिलं. अट एकच: आवाजावर रहिवाशांनीच लक्ष ठेवायचं. कोण ठेवणार, असं विचारल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

त्यामुळे आता ऑफिसातून आले की मी खाली चक्कर मारते आणि म्हाताऱ्यांना दटावते. तिकडून तुम्ही फोनवर विचारता, घरी कधी येणार? तुमच्याकडे येण्याची ओढ कमी झालेली नाही, खोटं कशाला बोलू. पण सुट्टीवर आले की चौथ्या दिवशी इथली काळजी लागते, हेही खरं.

लिम अंकल मला रोज नव्याने भेटतात आणि रोज विचारतात, "यू फ्रॉम व्हेअर?" मी रोज पुण्याचं नाव सांगते, ते मान डोलावतात आणि विसरतात. परवा मी तोंड उघडायच्या आत आंटींनीच, संत्रं सोलता सोलता, उत्तर देऊन टाकलं.

"अवर ब्लॉक वन लाह." आपल्याच ब्लॉकची ही.

अंकल जरा सरकले आणि मला बसायला जागा करून दिली.