पंखाचे टाके

आमच्या अण्णानं विमान बांधलं असं सांगितलं की लोक आधी हसायचे. माझा हा थोरला भाऊ मच्छे गावातल्या एका कारखान्यात लेथवर काम करायचा. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्यानं घरामागच्या शेडमध्ये पाइप कापायला सुरुवात केली. चार वर्षांत एका माणसापुरता सांगाडा उभा राहिला. पंखांवरचं कापड मी शिवलं. शाळेत मी शिवण शिकवते, त्यामुळं ते काम माझ्याकडंच आलं. डाव्या पंखावर एके ठिकाणी शिवण वाकडी गेली म्हणून उसवून पुन्हा घातली. अण्णानं ती नखानं दाबून बघितली आणि चालतंय म्हणाला.

बोरगावजवळ त्याच्या मित्राचा सपाट माळ होता. दर रविवारी तिथं तो विमान नुसतं जमिनीवर पळवायचा. परवानगी मिळाल्याशिवाय उडवणार नाही, असा शब्द त्यानं वहिनीला दिला होता. तरी इंजिनाचा आवाज चढला की मी त्या उसवून घातलेल्या शिवणीकडंच बघत राहायचे. वहिनी तर गाडीत जाऊन काचा वर करून बसायची.

एका रविवारी चाकं जमिनीवरून सुटली. मला वाटलं, धक्क्यानं उचललं असेल, आता टेकेल. ते टेकलं नाही. माळ संपून खाली ऊस लागला, तरी माझी नजर डाव्या पंखावरच होती. मग इंजिनाचा आवाज तुटक झाला आणि बंदच पडला. विमान आमच्या दिशेला वळायला लागलं. वळता वळता डावा पंख झुकला आणि ते उसात कोसळलं.

आम्ही पाती बाजूला सारत धावलो. मित्र आधी पोचला होता. त्यानं मला खांद्याला धरून मागं फिरवलं. निपाणीच्या दवाखान्यात नेईपर्यंत अण्णा गेला होता.

पुढं चौकशीला अधिकारी आले. कापड कुणी शिवलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी. त्यांनी ते लिहून घेतलं. उसवलेल्या शिवणीचं मात्र माझ्या तोंडून निघालं नाही. त्यानंतर वर्गात मुलींचे टाके तपासताना एकेक शिवण मी दोनदोनदा नखानं दाबून बघायचे. वहिनीच्या पानाशेजारी जेवायला बसायचं मी टाळायचे.

दोन महिन्यांनी त्याच अधिकाऱ्यांचा फोन आला. कापड शाबूत होतं, शिवण कुठंच सुटली नव्हती. इंजिनाला पेट्रोल पोचलं नाही म्हणून ते बंद पडलं. इतक्या खालून माघारी वळणं चुकलं, असंही ते म्हणाले. सरळ उसात उतरवलं असतं तर कदाचित वाचले असते.

मी तशीच वहिनीकडं गेले. त्या शिवणीचं पहिल्यांदा तिला सांगितलं, मग पेट्रोलचं सांगितलं. ती मेथी निवडत होती. हातातली जुडी तिनं खाली ठेवली.

"तुमच्या टाक्यांचं माझ्या मनातबी न्हवतं, वन्सं," ती म्हणाली. "आदल्या रविवारी विमान शेजारच्या उसात घुसलं, दोन सऱ्या मोडल्या. त्या माणसाचं लई ऐकून घ्यावं लागलं. अपघाताच्या दिवशी सकाळी मीच ह्यांना म्हणाले, परत कुणाच्या उसात घालू नका." मग तिनं मान वर केली. "म्हणून वळले असतील का? सरळ गेले असते तर?"

मी म्हटलं, "न्हाय वहिनी. काय फरक पडला नसता. सायबच म्हणाले."

तिनं मान हलवली आणि मेथीची जुडी पुन्हा हातात घेतली. त्या दिवशी ती माझ्याबरोबर पोटभर जेवली.

इंग्रजीतला लेखी अहवाल अजून यायचा आहे. तो वहिनीच्या पत्त्यावर येणार आहे, आणि तिच्या मुलीला इंग्रजी चांगलं वाचता येतं. रोज दुपारी शाळेतून मी फोन करते, इकडचं तिकडचं बोलते आणि शेवटी विचारते, टपाल काही आलंय का.