तोवर आमाब्ले बघेल

आमाब्ले सेवेरिनोला गावात कुणी नावाने हाक मारत नसे. सगळे त्याला ‘तोवर’ म्हणत. साखर कारखान्याच्या आमच्या या गावचा बेसबॉल संघ दर ऑक्टोबरात अमेरिकेहून एक मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, आणतो. तो दहा-बारा सामने हरला की नोव्हेंबरात त्याला विमानात बसवतो, आणि क्लबची मंडळी पत्रकारांना सांगतात, “नवा माणूस शोधतोय, तोवर आमाब्ले बघेल.” असं पाच वेळा झालं. आमच्याकडे एका शिंकेवरूनही माणसाला नाव पडतं, इथे तर पाच हंगाम होते.

एरवी तो दुय्यम प्रशिक्षक. बावीस वर्षं मॅनेजरच्या डाव्या हाताला बाकावर बसायचा आणि हंगाम संपला की मिनीबस चालवायचा. एकोणसाठावं लागलं होतं, गुडघे कुरकुरत होते. आयुष्यात एकदा, एकदाच, त्याला कायमचा मॅनेजर व्हायचं होतं. जिंकलं की ‘आधीच्या साहेबानं घडी बसवून दिली होती’ आणि हरलं की ‘शेवटी हंगामीच तो’, हे ऐकून त्याचे कान किटले होते.

यंदा मात्र वारं फिरलं होतं. नोव्हेंबरात तळाला पडलेला संघ हाती आला आणि जानेवारीत त्याने तो थेट अंतिम फेरीत नेला. तीन सामने आपले, तीन त्यांचे. सातवा रविवारी दुपारी होता. शनिवारी तो दाढीला गेला तेव्हा चेचे न्हावी गळ्याभोवती फडकं आवळत म्हणाला, “काय तोवर, उद्या जिंकलास की आम्हाला तुझं बारसं नव्यानं करावं लागणार.”

“आधी दाढी नीट कर. मागल्या वेळी कान कापलास.”

“हंगामी होतास म्हणून कापला. कायम मॅनेजरच्या कानाला हात लावायची कुणाची छाती आहे?”

दुकान खदखदून हसलं. आमाब्लेही हसला, पण त्याला खरं तर तिथेच खुर्चीत डोळे मिटून पडावंसं वाटत होतं.

रविवारी चेंडू विल्किनच्या हातात होता. बावीस वर्षांचा हा पिचर अमेरिकेतल्या एका मोठ्या क्लबचा. हिवाळ्यापुरता आमच्याकडे उसना आलेला. अशा पोरांनी एका सामन्यात किती चेंडू टाकायचे याची मर्यादा ती मंडळी आधीच घालून देतात. त्यांना पोराच्या हाताची भीती वाटली तर मधेच फोनही येतो, आणि मॅनेजर निमूटपणे पोराला बाहेर काढतो. विल्किनची मर्यादा पंच्याऐंशीची होती. सातव्या डावात आपण दोन-एकने पुढे होतो आणि त्याचे चौसष्टच झाले होते.

पण प्रत्येक चेंडूनंतर तो पंजा मांडीवर दाबत होता. कोपरही बोटभर खाली यायला लागलं होतं. मैदानात दहा हजार माणसं होती, आमाब्लेखेरीज कुणालाच ते दिसलं नाही. तो उठला आणि मैदानाच्या मध्यावर चालत गेला.

“मास्तर, नका ना. अजून एकवीस शिल्लक आहेत.”

“दुखतंय?”

“नाही.”

“आईची शपथ घे.”

विल्किन बुटांकडे बघत राहिला. आमाब्लेने हात पुढे केला आणि पोराने चेंडू त्यात ठेवला.

त्याच्या जागी आलेल्याने पहिल्या फलंदाजाला फुकट पहिल्या बेसवर सोडलं, आणि दुसऱ्याने चेंडू कुंपणापलीकडच्या उसात भिरकावला. त्या दोन धावा पुढे फिटल्या नाहीत, सामना तीन-दोनने गेला. त्या संध्याकाळी आमाब्लेच्या भिंतीवर कुणीतरी ‘भेकड’ लिहिलं. सोमवारी चेचेने त्याला दारातूनच सांगितलं, “महिनाभर दाढी घरीच कर बाबा, माझी गिऱ्हाइकं तुटतील.”

बुधवारी सकाळी क्लबने बोलावलं. बाहेरच्या बाकावर बसला असताना आमाब्लेला माक्सिमो आठवला. चौदा वर्षांपूर्वीचा पिचर; आता मोटरसायकलवरून प्रवासी पोचवतो आणि समोर दिसला की डाव्या हाताने सलाम करतो, कारण उजवा खांद्याच्या वर जात नाही. एका कायमच्या मॅनेजरने त्याला एकशे तीस चेंडू टाकायला लावले होते. आमाब्ले शेजारी बसून मोजत होता. मॅनेजर दुसरा होता म्हणून तो गप्प बसला होता, आणि त्या गप्प बसण्याची त्याला अजून लाज वाटे.

आत अध्यक्ष डॉन ओक्ताव्हियो होते आणि क्लबचे वकील पेइनादो. छोट्या कपांत कॉफी आली.

“बस, आमाब्ले,” डॉन म्हणाले. “तळातून संघ वर काढलास. जागा तुझ्याच हक्काची, यात दुमत नाही. अडलंय ते विल्किनपाशी.”

“लोक खवळलेत,” पेइनादो म्हणाले. “त्यांना काय सांगायचं?”

“सोपं आहे,” डॉन म्हणाले. “अमेरिकेहून फोन आला, पोरगा काढा म्हणाले, याचा नाइलाज झाला. लोक शिव्या देतील त्या तिकडच्यांना. खरं म्हणजे झालंही तेच असणार, नाही का रे? तू नुसतं हो म्हण. करारपत्र तयार आहे.”

खरंच तयार होतं. पेइनादोंनी ते टेबलावर सरकवलं, वर पेनही ठेवलं. खोटं तरी कसलं, लीगमधले सगळेच मॅनेजर हे करतात. तिकडचे क्लब असल्या फोनबद्दल कधी हो म्हणत नाहीत की नाही म्हणत नाहीत. आमाब्लेला बायको, क्लारिबेल, आठवली, आपले गुडघे आठवले. हो म्हणायलाच त्याने तोंड उघडलं होतं.

“फोन आला नव्हता,” तो म्हणाला.

“नीट आठवून बघ.”

“आठवतंय. मीच काढलं त्याला.”

“म्हणजे सामना तू घालवलास,” पेइनादो म्हणाले.

“हो. मी घालवला.”

डॉन ओक्ताव्हियोंनी कप आपटला. “अरे गाढवा, तुझ्याच भल्याचं सांगतोय ना!”

“कळतंय मला, डॉन ओक्ताव्हियो. पण बावीस वर्षांत या संघात माझं म्हणावं असं काय आहे? जिंकलो ते आधीच्या साहेबाचं. हा एक निर्णय माझा आहे. तोही फोनवाल्यांना देऊन टाकू?”

पेइनादोंनी करारपत्र उचलून फाइलीत घातलं. आमाब्लेने कॉफी संपवली, कारण तशीच टाकून उठणं बरं दिसलं नसतं.

घरी क्लारिबेल कच्ची केळी सोलत होती. त्याने सगळं सांगितलं.

“एक हो म्हणायचं होतं फक्त,” ती म्हणाली.

“नाही जमलं गं.”

मग ती रडली. तिचं चुकत नव्हतं, आणि तिला समजावण्याइतका जोर त्याच्यात उरला नव्हता. तो शेजारी बसला आणि दुसरी सुरी घेऊन केळी सोलू लागला.

बऱ्याच वेळाने डोळे पुसत तिने विचारलं, “आणि ऑक्टोबरात परत जाऊन बसणार त्या नव्या साहेबाच्या शेजारी?”

“बसेन. पण एखाद्या पोराचा हात दुखताना दिसला तर आता गप्प नाही बसणार.”

“मग नोव्हेंबरपर्यंतसुद्धा नाही ठेवायचे तुला.”

“न ठेवोत,” आमाब्ले म्हणाला.