सोनीबाईची शिडी

बळीराम घोडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभा होता आणि तिथून जोर देऊन घोडी हालते का पाहत होता. घोडी म्हणजे दोन बाजूंना पाय उघडणारी, स्वतःच्या भरवशावर उभी राहणारी शिडी. रंगारी वापरतात ती. ही दहा पायऱ्यांची होती आणि आमच्या दुकानात दोन वर्षांपासून धूळ खात होती. बाजाराचा दिवस होता, त्यामुळे बघे बरेच जमले होते.

"हालत नाई. हेच द्या," तो वरूनच म्हणाला.

शेठ खूश झाले. मी म्हणालो, भाऊ, आधी खाली उतरा. शेठने माझ्याकडे पाहिलं. घाटंजीच्या या हार्डवेअरच्या दुकानात मी सव्वीस वर्षं काउंटरला आहे. या नजरेचा अर्थ मला कळतो. तरी घोडीच्या वरच्या दोन पायऱ्या उभं राहण्यासाठी नसतात, हे मी रोज सांगतो आणि रोज कोणीतरी तिथेच जाऊन उभं राहतं.

उतरल्यावर विचारलं, काम काय आहे? त्याने खिशातून सुतळी काढली. तिला दोन गाठी होत्या. घराच्या स्लॅबपासून जमिनीपर्यंत सोडून तेवढं माप त्याने आणलं होतं. मी टेपने मोजलं, दहा फूट भरलं. बंजाऱ्यांच्या तांड्यावर त्याचं घरकुल आहे. स्लॅब टाकून झाला, पण वर जायला जिना झाला नाही. आमच्या भागात अशी घरं पुष्कळ. घराला स्लॅब असतो, वर जायला शिडी असते, आणि घरातले म्हणतात की ती कधीमधी लागते.

त्याच्या घरची शिडी बांबूची होती. आमच्याकडे तिला निसनी म्हणतात. संक्रांतीच्या आसपास त्याची आई, म्हणजे सोनीबाई, तिच्यावरून पडली. उजवं मनगट मोडलं. महिनाभर प्लास्टर होतं. बळीरामने त्याच संध्याकाळी निसनी कुऱ्हाडीने फोडली आणि चुलीत घातली. तीन दिवस अंघोळीचं पाणी त्यावर तापलं. हे त्याने मोठ्या समाधानाने सांगितलं.

"आता मले अशी पायजे का, पडाचा सवालच नाई," तो म्हणाला.

पडायचा सवालच नसलेली शिडी आमच्याकडे नाही, कोणाकडेच नाही. पण हे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचं नसतं. मी त्याला भिंतीला टेकवायची सरळ शिडी दाखवली आणि घोडी का नको ते सांगितलं. घोडीवर चढून बल्ब बदलायचा, पंखा पुसायचा, आणि तसंच खाली यायचं. तिच्यावरून दुसरीकडे पाय टाकायचा नाही. स्लॅबवर जाताना माणूस शेवटच्या पायरीवरून बाजूला पाय टाकतो, तेव्हा मागचा पाय घोडीला उलट्या बाजूला ढकलतो. घोडी जाते एकीकडे, माणूस लोंबकळतो दुसरीकडे.

शेठने मला गोदामाच्या दाराशी बोलावलं.

"गिऱ्हाईक घोडी मागून राह्यलं, तू त्याले सरळ शिडी कायले दाखवतं?"

मी म्हणालो, त्याची आई पुन्हा पडली तर तो घोडी घेऊन इथेच येईल, आणि तेव्हा काउंटरला तुम्ही बसा. शेठ चहा सांगायला गेले. मी ती परवानगी समजलो.

मग आम्ही सरळ शिडी निवडायला बसलो. दहा फुटांच्या स्लॅबला दहा फुटी शिडी घेऊन चालत नाही. शिडी स्लॅबच्या काठावर तीन फूट वर निघायला हवी, म्हणजे पाय टाकताना धरायला काहीतरी हातात असतं. आणि ती तिरपी लागते, त्यात थोडी लांबी जाते. चौदा फुटी काढली. पायरी गोल दांड्याची नको, चपट्या पट्टीची हवी. तांड्यावर बाया अनवाणी चढतात, गोल दांडा तळव्याला रुततो आणि ओल्या पायाला घसरतो. खाली रबराचे बूट दोन्ही पायांना आहेत का, ते पाहिलं. एका शिडीचा एक बूट गायब होता, ती बाजूला ठेवली. दांड्याला पोचा आहे का, पायऱ्या जोडणाऱ्या रिबिट ढिल्या आहेत का, वजनाचं स्टिकर काय म्हणतं, सगळं त्याला दाखवलं. स्टिकरवरचं वजन माणूस आणि त्याच्या हातातलं ओझं दोन्ही धरून असतं. तो मान डोलवत होता.

"चढनार कोन?" मी शेवटी विचारलं.

"मीच. याडीले आता चढू देत नाई मी." याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई.

ही गोष्ट मी तिथेच खरी मानली. ती माझी चूक. सव्वीस वर्षांत शिडी घ्यायला पुरुषच येतो, दुकानात चढून तोच पाहतो आणि 'मीच चढणार' असं तोच सांगतो. घरी गेल्यावर शिडीवर कोण असतं हे मला माहीत असायला हवं होतं.

ॲल्युमिनियमची शिडी असली की मी विजेच्या वायरचं विचारतो, कारण ॲल्युमिनियममधून करंट वाहतो. खांबावरून घरात येणारी वायर नेमकी कुठून जाते, हे बळीरामला सांगता येईना. म्हणून दुसऱ्या दिवशी डिलिव्हरीच्या गाडीत मीही बसलो. शेठ म्हणाले, शिडीसोबत माणूस फुकट देऊन राह्यलो आपण.

वायर पश्चिमेच्या अंगाला होती. आम्ही शिडी पूर्वेला लावली. कॉलमच्या सळया वर निघालेल्या होत्या, पुढे कधीतरी माडी होईल या आशेने सगळेच सोडतात तशा. शिडीचं वरचं टोक त्या सळयांना नायलॉनच्या दोरीने बांधलं. खाली कठीण जमीन पाहून बूट टेकवले. तिरपेपणा पाहायची सोपी खूण त्याला दाखवली. शिडीच्या पायाला पायांचे अंगठे लावून उभं राहायचं, हात समोर सरळ करायचे. तळहात आरामात पायरीवर टेकले तर शिडी बरोबर. कोपर वाकलं तर शिडी फार उभी, हात पोचला नाही तर फार आडवी. बळीराम दोनदा चढला, दोनदा उतरला आणि हात झटकले.

सोनीबाई अंगणात बाजेवर बसून हे सगळं पाहत होती. सत्तरीच्या आसपासची बाई, अंगावर जुन्या पद्धतीचा घेरदार घागरा, हातावर पट्टी. तिच्यासमोर डाळीसाठी भिजवलेली तूर फडक्यावर पसरली होती आणि तिथून दोन बकऱ्यांना हाकलण्यात तिचा दिवस चालला होता. वर वाळत घालणं बंद झाल्यापासून निम्मी तूर बकऱ्यांनीच खाल्ली, असं तिची सून म्हणाली.

आम्ही चहाला बसलो. सोनीबाई उठली, घमेल्यात तूर भरली, घमेलं डोक्यावर ठेवलं आणि एका हाताने ते धरून सरळ शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. कोणाला काही विचारलं नाही.

बळीराम कप ठेवून धावला. त्यांच्या बोलीत बरंच काही बोलला. मला 'हाड' आणि 'डॉक्टर' एवढंच समजलं. तिने पाय खाली घेतला, पण घमेलं उतरवलं नाही.

तेव्हा मी जो प्रश्न दुकानातच विचारायला हवा होता, तो विचारला. "माय, तुमी पडल्या कशा?"

तिने आधी लेकाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"निसनी चांगली होती," ती म्हणाली. "यानं उगाच जाळली."

"मंग?"

"मी वर होती. यानं खालून हाक देल्ली. याडी, लवकर ये, चाय मांड, मले गाडीले जाचं हाये. मी घमेलं धरलं आन तोंड इकळे करून भरभर उतरली. घागरा पायात आला."

तोंड इकडे, म्हणजे शिडीला पाठ करून, जिन्यावरून उतरावं तसं. वर एक हात घमेल्याला. ॲल्युमिनियम, चपटी पायरी, रबरी बूट, मी निवडलेलं सगळं तिच्या पायाखाली असतं, तरी ती तशीच पडली असती.

"हे तू मले काहून नाई सांगतलं?" बळीरामचा आवाज उतरला होता.

"तू इचारलंच नाई."

तो बाजेच्या कडेला बसला. आपली हाक आणि आईचं मनगट ही दोन्ही त्याने पहिल्यांदाच शेजारी ठेवून पाहिली असावीत. मलाही वाईट वाटलं. घरातल्या सगळ्यांनी तिचा एक्स-रे उजेडात धरून पाहिला होता. तिला मात्र कोणी काही विचारलं नव्हतं. त्यात आता मीही होतो.

गाडीत एक लोखंडी कप्पी होती, दुसऱ्या गिऱ्हाइकाची. ती मी तिथेच लावली. सळयांना पाईप बांधला, कप्पी स्लॅबवर उभ्या माणसाच्या कमरेच्या वर ठेवली, म्हणजे बादली घ्यायला काठावर वाकावं लागत नाही. ओझं दोरीने वर जाईल, दोरी खालून दुसऱ्याने ओढायची. सोनीबाईने घागरा वर घेऊन कमरेला घट्ट खोचला. मग दोन्ही हातांनी धरून, शिडीकडे तोंड करून ती वर गेली आणि तशीच खाली आली. बळीराम पूर्ण वेळ शिडीचा पाय धरून उभा होता.

दोन महिन्यांनी तो पुन्हा दुकानात आला. दोरी झिजली होती, नवी हवी होती. मी म्हणालो, एवढी तूर चढवली का?

"तूर कमी, चायच जास्त," तो म्हणाला. "मी करतो. किटली बादलीत ठेवतो आन वर पाठवतो. ती वर असली का मी आता हाक देत नाई."

मी त्याला जाड दोरी दिली. शिडी घेताना उंची मोजावी, पायरी पाहावी, बूट पाहावे, स्टिकर वाचावं. पण आधी घरात कोण पडलं होतं ते विचारावं आणि त्याच माणसाला दुकानात घेऊन यावं. शेठ म्हणतात, असं विचारत बसलं तर धंदा होणार नाही. मी विचारतोच.