चिमूटभर मिठाचा प्रयोग

दहावीला विज्ञान शिकवता शिकवता मला एक खोड लागली आहे. दुसऱ्याची चूक दिसली की मला गप्प बसवत नाही. लग्नपत्रिका हातात आली तरी मी आधी ऱ्हस्व-दीर्घ पाहतो, मुलगी कोणाची ते नंतर. घरचे याला हुशारी म्हणायचे. मीही म्हणायचो.

आमचं गाव नांदुऱ्याजवळचं, खारपाणपट्ट्यातलं. बोअरचं पाणी असं की डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि बाहेरचा पाहुणा चहाचा पहिला घोट घेऊन आमच्या तोंडाकडे बघत राहतो. आम्हाला मात्र त्याचीच सवय. दुसऱ्या गावी गेलो तर तिथल्या गोड्या पाण्यानं आमची तहान भागत नाही. 'फिकं लागते' म्हणून आम्ही ग्लास खाली ठेवतो.

आमच्या गल्लीतले दोघं जण तेव्हा डायलिसिसला जात होते. त्याआधी आमची आई त्याच दुखण्यानं गेली होती. तिचे सुजलेले पाय रोज उशीवर उचलून ठेवायची ती वहिनी, माझ्या मोठ्या भावाची बायको. वहिनीनं पाण्याची धास्ती घेतली होती आणि पाण्याचं काहीतरी करा म्हणून ती भावाच्या मागं लागली होती. म्हणून पाणी शुद्ध करण्याची मशीन विकणारा एक माणूस गावात आला, तेव्हा तिनं त्याला थेट अंगणात आणून बसवलं. बघता बघता गल्ली जमा झाली.

त्यानं दोन ग्लास मांडले. एकात आमच्या बोअरचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. मग एक छोटी डबी काढली. तिला खाली सळ्या होत्या, काही लोखंडाच्या, काही ॲल्युमिनियमच्या. सळ्या दोन्ही ग्लासांत बुडवून त्यानं डबी विजेला जोडली. मिनिटाभरात आमचं पाणी पिवळं पडलं, मग हिरवट, मग गटारासारखं तपकिरी, वर घाणीचा थर. मशीनचं पाणी होतं तसं स्वच्छ.

"रोज हे पिता तुम्ही," तो म्हणाला. बायकांनी तोंडाला पदर लावले. वहिनी भावाकडे पाहत होती. तिचे डोळे भरले होते.

मी ओट्यावर बसलो होतो आणि मला हसू फुटत होतं. हा तर माझा धडा! धन विद्युतअग्राशी लोखंड इलेक्ट्रॉन देऊन टाकतं, त्याचं ऑक्सिडीकरण होतं, ते पाण्यात उतरतं आणि त्याचा गंजासारखा गाळ होतो. तो रंग पाण्याचा नव्हताच. तो सळीचा होता. क्रियाशीलतेच्या श्रेणीत लोखंड जिथं बसतं तिथं बसून दुसरं काय करणार? सोन्याच्या सळ्या असत्या तर असा गाळ झाला नसता, पण सोन्याच्या सळ्या घेऊन आमच्या गावात कोण येतो!

"वहिनी, जरा मीठ आणा," मी म्हणालो.

तिनंच आणलं, वाटीत. मी एक चिमूट त्याच्या स्वच्छ ग्लासात टाकली, चमच्यानं ढवळली आणि त्याला म्हणालो, लावा आता. तो लावेना. मीच बटण दाबलं. त्याचं पाणी पिवळं पडलं, हिरवट झालं, तपकिरी झालं. "रंग सळीचा आहे, पाण्याचा नाही," मी सगळ्यांना सांगितलं. सगळं अंगण हसलं. भावानं माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी ओट्यावरून पडता पडता वाचलो.

"पाह्यलं? मास्तरच्या घरी येते थापा मारायले!" तो म्हणाला.

त्या माणसाचं तोंड एवढंसं झालं. तो सळ्या पुसत होता तेव्हा वहिनी हळूच म्हणाली, "पन भाऊजी, मंग आपल्या पान्यात मीठ कोनं टाकलं?"

सातवी शिकलेल्या बाईनं माझ्या प्रयोगाचा खरा निष्कर्ष काढला होता. शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ जात नाही. मीठ टाकल्यावर गेली. आमच्या पाण्यातून काही न टाकताच गेली, कारण जमिनीतले क्षार त्यात आधीच होते. तो माणूस लबाड होता, पण त्याची मशीन नेमके तेच क्षार काढून टाकणारी होती. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मला सगळं माहीत होतं. पण अंगण अजून हसत होतं, आणि मला ते हसू सोडवेना.

"वहिनी, तुम्ही माझ्या वर्गात पाहिजे होत्या," मी म्हणालो. लोक पुन्हा हसले. ती वाटी घेऊन आत गेली.

गल्लीत मशीन कोणी घेतली नाही. वहिनीनं पुढं दोन-तीनदा विषय काढला, तेव्हा भावाचं उत्तर ठरलेलं. "मास्तरनं सगळ्याईसमोर तपासलं ना! पान्याले काई नाई झालं."

चार वर्षांनी त्याचे पाय सुजले. आता आठवड्यातून दोनदा त्याला डायलिसिससाठी बुलढाण्याला नेतो. डॉक्टरांना मी विचारलं, पाण्यानं झालं का? ते म्हणाले, पाण्यानंच झालं असं लिहून देता येणार नाही आणि पाण्यानं झालं नाही असंही नाही. म्हणजे मला शिक्षाही नाही आणि सुटकाही नाही. घरात आता ती मशीन आहे, वहिनीनं बसवून घेतलेली. ती मला कधी एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

शाळेत मी तो धडा अजून शिकवतो. पाण्यातून वीज गेली तर त्यात क्षार आहेत असं समजा, हे वाक्य फळ्यावर लिहितो. मुलं वहीत उतरवतात आणि घरी जाऊन बोअरचं पाणी पितात.

परवा दुपारी भावाजवळ बसलो होतो. त्याला दिवसाचं पाणी मोजून मिळतं. वहिनी शेतात गेली होती. त्यानं मशीनच्या पाण्याचा ग्लास बाजूला सारला.

"फिकं लागते बे. तहान नाई जात. बोअरचं आन ना अर्धा गिलास, याच्या बदल्यात."

"दादा, ते पाणी चांगलं नाही."

"काऊन? तूच तं दाखवलं होतं. रंग सळीचा, पान्याचा नाई."

मी समजावायला तोंड उघडलं. क्षार, विद्युत अपघटन, वहिनीचा प्रश्न, सगळं ओठांवर आलं होतं. तो माझ्याकडे बघत होता, त्या दिवशी अंगणात बघत होता तशा कौतुकानं. मी उठलो, बोअरच्या माठातून अर्धा ग्लास भरला आणि त्याच्या हातात दिला.

तो थांबून थांबून, चव घेत प्यायला. "हे हाये पानी," म्हणाला. "तुही वैनी उगाच बदनाम करते याले."

मी हो म्हणालो. वहिनी यायच्या आत ग्लास विसळून जागेवर ठेवला.