शेजाऱ्याला दिलेला पासवर्ड

शेजारून भरिताची वांगी भाजल्याचा वास आला की डोकं फिरतं. बायको शेजाऱ्याला राखी बांधायची, म्हणून भरिताच्या वाटीसोबत तिने त्याला आमच्या वायफायचा पासवर्डही दिला होता. पुढे ती अंथरुणाला खिळली आणि परदेशातल्या मुलीचा चेहरा कॉम्प्युटरवर सारखा अडकायला लागला. मुलगी फोनवर म्हणाली, “आबा, सेटिंग उघडा, आपल्या नेटवर किती मोबाइल आहेत ते बघा.” सतरा निघाले. शेजाऱ्याने ‘नेट फुकट’ सांगून खोल्या भाड्याने दिल्या होत्या. विचारलं तर हसला, “आबा, नेट काय वापरीसन झिजस का?” मी पासवर्ड बदलला, नेट पळायला लागलं, पण तोवर बायको डोळे उघडत नव्हती. ती गेली तेव्हा माहेरची साडी घालायला भाऊ म्हणून तोच पुढे आला, आणि मी त्याला अडवलं नाही, हे आजही खुपतं.