एक कोडॉन बदलला आणि गाव गाळलं

एटापल्लीच्या स्टँडवर गाडी लागली तेव्हा बाबांनी माझी सॅक उचलून बघितली. जड लागली म्हणून तिथंच उघडली. कपड्यांत गुंडाळलेली स्टीलची डबी निघाली आणि डबीत आमच्या जंगलातली माती, जीवाणू शोधायला घेतलेली. "हे कायले नेऊन राह्यली वं? ग्रामसभेत इच्यारलं का?" मी चिडले. "मूठभर मातीले काऊन इच्यारा लागते, बाबा?" त्यांनी डबी परत ठेवली, चेन लावली आणि गाडी सुटेपर्यंत माझ्याकडं पाहिलं नाही.

आमच्या गावात बांबू असो, तेंदूपान असो, जंगलातून काही न्यायचं तर ग्रामसभेत सांगून न्यायचं. गाव माडिया गोंडांचं, आमची बौद्धांची घरं चार, पण नियम सगळ्यांना एकच. मी एमएस्सी झालेली, जर्मनीत पीएचडीला निघालेली. मला वाटलं, मातीला कसला आलाय नियम! ही माझी चूक. ती आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढं मी ज्यांच्यावर चिडणार आहे त्यांना तोंड उघडायला जागा राहणार नाही.

जर्मनीतल्या प्रयोगशाळेत त्या मातीतून स्ट्रेप्टोमायसिस कुळातला एक जीवाणू मिळाला. दवाखान्यातली कितीतरी अँटिबायोटिक्स मुळात याच कुळातून आलेली आहेत. आमचा जीवाणू प्लेटवर असं काही औषध सोडायचा की इतर औषधांना न जुमानणारे जंतूही त्याच्याभोवती मरून पडायचे. प्रोफेसर सगळ्यांना बोलावून प्लेट दाखवायचे. मग वर्षभरात, या प्लेटवरून त्या प्लेटवर वाढवता वाढवता, औषध यायचं बंद झालं. जीवाणू वाढत होता, खात होता, पण त्याच्यावर येणारी पांढरी लव गेली आणि औषधही गेलं. फेकून दे, सगळे म्हणाले. मी नाही फेकला. दोन हिवाळे त्याच्यामागं घातले.

कारण सापडलं ते इवलंसं होतं. जीन लिहिलेला असतो तीन-तीन अक्षरांच्या कोडॉनमध्ये. प्रत्येक कोडॉन वाचून त्याचं अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाची एकेक वीट, आणून देणारा हमाल म्हणजे टी-आरएनए. ल्युसिन या अमिनो आम्लासाठी सहा कोडॉन आहेत, आणि या जीवाणूत त्यातला टीटीए फार क्वचित येतो. जगायला लागणाऱ्या जीनमध्ये तो जवळजवळ नसतोच. पण औषध बनवायचा हुकूम देणाऱ्या जीनमध्ये तो एकदा होता. तो वाचणारा टी-आरएनए आयतं खाणं देऊन लाडावणाऱ्या आमच्या प्लेटांवर वाढताना बिघडला होता. म्हणून जीवाणू जगला आणि औषध अडलं. मी त्या एका टीटीएच्या जागी ल्युसिनचाच दुसरा, रोजच्या वापरातला कोडॉन घातला. चौथ्या दिवशी औषध परत आलं. मी आईला फोन करून नुसती ओरडले. तिला काही कळलं नाही, पण ती रडली.

मग पेपरचा मसुदा आला. माती कुठली ते सांगताना आधीच्या मसुद्यात आमच्या गावाचं नाव होतं, यात नव्हतं. प्रोफेसर शांतपणे म्हणाले, मूळ जीवाणू तर काहीच बनवत नव्हता, बनवतो तो आपण प्रयोगशाळेत घडवलेला. मला अजूनही ते आठवलं की डोक्यात तिडीक जाते. लाखो अक्षरांतली दोन अक्षरं बदलली! ल्युसिनच्या जागी ल्युसिनच आलं! आमच्या मातीत तो बिनबोभाट औषध बनवत होता, त्याला बिघडवला तुम्ही, आणि दुरुस्त केला म्हणून मालकी तुमची? हे सगळं मी त्यांच्या तोंडावर बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, माती आणायच्या परवानगीचा कागद आहे का? नव्हता. गावाचं नाव छापलं की परवानगी दाखवावी लागते. ते गाळणं त्यांना सोयीचं होतं, आणि ती सोय मीच करून दिली होती.

कागदासाठी मी फेब्रुवारीत गावी आले. ग्रामसभा भरली. अध्यक्ष सोमीबाई, माझ्या आईबरोबर मोहफुलं वेचणारी. मी सगळं सांगितलं.

"औषद आपल्या दवाखान्यात येईन का?" सोमीबाईनं विचारलं.

"माईत नाई, बाई."

"गावाचं नाव?"

"त्याहीनं काढलं."

दुपारपर्यंत चर्चा चालली. ठराव झाला की गावाचं नाव घाला आणि औषधाचं पुढं काय करणार ते गावाला विचारून करा, तर परवानगी, नाहीतर नाही. तसं पत्र प्रोफेसरांना ईमेलनं गेलं. आणि दुसरा ठराव माझ्यावर. न विचारता माती नेली म्हणून दंड: तीन दिवस जाळरेषेचं काम. वणवा गावाकडं येऊ नये म्हणून जंगलात पालापाचोळा झाडून पट्टा मोकळा करायचा. मी संतापले. तिकडं तुमच्यासाठी भांडून आले आणि दंड मला?

दंडाच्या दुसऱ्या दिवशी झाडताना फोनवर प्रोफेसरांचं उत्तर आलं. गावाचं नाव घालता येणार नाही, पेपर जाईल, तुझं नाव ठेवायचं की काढायचं ते कळव. मी तिथंच उभ्या उभ्या लिहिलं, काढा. दोन हिवाळ्यांचं काम गेलं.

"त्या परफेसरले दंड नाई, मलेच काऊन?" मी सोबत झाडायला आलेल्या सोमीबाईवर ओरडले.

ती पाला ओढतच राहिली. "तो कोन आपला? त्याले पत्र धाडलं. दंड गावच्या मानसाले रायते."

माझा राग गेलेला नाही, जाऊही नये. तुमच्यातले जे बाहेर गेलेत त्यांना घर कुठं म्हणून विचारतात, तसं मलाही विचारतात. मी ग्रामसभेच्या रजिस्टरातलं माझ्या दंडाच्या ठरावाचं पान सांगते. तिकडं माझं नाव एका ओळीच्या ईमेलवर निघालं. इथं ते चोर म्हणून लिहिलंय, पण बाबांच्या नावासकट, पूर्ण.