आवाज तपासताना घेतलेलं नाव

बाजारभावाच्या आधी रेडिओवर बायकांचा एक कार्यक्रम लागायचा. जुन्नर तालुक्यातल्या आमच्या आळे गावाकडच्या भागात तो बायकांपेक्षा पुरुषच जास्त ऐकत, कारण भाव चुकू नयेत म्हणून रेडिओ आधीच लावून ठेवलेला असे. हुंडा, कुपोषण, मुलींचं शिक्षण, सगळं आमच्या गावच्या पुरुषांनी टोमॅटोच्या भावाची वाट बघत ऐकलंय. डोक्यात किती शिरलं ते विचारू नका.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी, मी जुन्नरला कॉलेजात जात असताना, त्या कार्यक्रमाची माणसं आमच्या गावात आली. विषय होता गावातली दारू. महिला मंडळाच्या बायका शाळेच्या व्हरांड्यात जमल्या, पण बोलायला एकही पुढे होईना. गुत्ता वडिलांच्या चुलत भावाचा होता, आणि त्यांच्याशी वाकडं घ्यायची कुणाची तयारी नव्हती. शेवटी माझी आई उठली. माझा थोरला भाऊ त्या गुत्त्यावर बसायला लागला होता. घरात सांगून सांगून ती थकली होती.

मला तिचा अभिमान वाटायला हवा होता. वाटली ती भीतीच. आमची विहीर भावकीची, सामाईक. पण मोटार ह्याच गुत्तेवाल्या चुलत्यांची आणि मोटारीच्या खोलीची किल्लीही त्यांच्याच कमरेला. ते देतील त्या पाळीला आम्ही पाणी धरायचो. रानात उन्हाळी टोमॅटो फुलावर आलेला होता, त्याच्यावरच आमचं वर्ष होतं.

रेडिओच्या बाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, "तुमचं नाव, गावाचं नाव, काही येणार नाही. निर्धास्त बोला." मग खांद्याचं यंत्र चालू करून त्यांनी माईक पुढे धरला. "आधी काहीतरी बोला, आवाज तपासते."

आईने पदर सारखा केला आणि उखाणा घेतला. द्राक्षाच्या वेलीचा, लग्नात पाठ केलेला. त्यात वडिलांचं नाव खणखणीत, आणि शेवटी आमच्या गावाचंही. बायका हसल्या, बाईही हसल्या. नंतर आई खरं बोलली. चुलत दीर उसाच्या कडेला गुत्ता चालवतात, गावातली पोरं तिथं बसतात, तिचंही बसतं, सकाळी त्याला चहाचा कप धरवत नाही. ती रडली नाही.

घरी येताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"आई, तू नाव घेतलंस."

"मग? माईक म्होरं आल्यावर आणखी काय बोलत्यात?"

तिचं चुकलं असं तरी कसं म्हणू? आमच्याकडे बाईच्या तोंडासमोर माईक यायचा तो लग्नात नाहीतर हळदीकुंकवाला, आणि आला की नाव घ्यायचं. पण ते टेपवर उतरलं असणार. चुलत दीर काय, कुणालाही असतात. वडिलांच्या नावापाठोपाठ तेच शब्द ऐकले, तर सगळ्या तालुक्याला कळणार कोण कुणाबद्दल बोलतंय. आईच्याही ते ध्यानात आलं. ती वाटेत उभीच राहिली. "ह्यांना सांगू नगंस," एवढंच म्हणाली.

कार्यक्रम कधी लागणार ते बाईंनी सांगितलं नव्हतं, त्यामुळे रोजची संध्याकाळ जिवावर यायची. मी जुन्नरच्या एसटीडी बूथवरून फोन लावला. बाई बाहेरगावी गेल्यात, निरोप देतो, असं कुणीतरी तुटकपणे सांगितलं. निरोप गेला की नाही, देव जाणे. आईने रेडिओचे सेल काढून ठेवून पाहिले, तर वडिलांनी नवे आणले. आणि आमचा बंद करून उपयोग तरी काय? गावातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा रेडिओ गुत्त्यावरच होता. भाव ऐकायला गिऱ्हाईक तिथंच जमायचं.

एका संध्याकाळी वडील ओट्यावर काठ्यांना टोकं काढत होते आणि आई भाकरी थापत होती. रेडिओवर आईचा आवाज आला. पहिलाच उखाणा. वडिलांचं नाव स्वच्छ, गावाचंही. वडिलांचा कोयता हातातच राहिला. स्वतःचं नाव बायकोच्या तोंडून आणि तेही रेडिओवर ऐकताना माणूस कसा दिसतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. ते चक्क लाजले. मला मात्र पुढचं ऐकायची हिंमत होईना. मी चुलीपाशी जाऊन आईचा दंड घट्ट धरला.

पुढे काही आलंच नाही. निवेदिका म्हणाली, अशा या आपल्या हसतमुख ग्रामीण भगिनी, पण व्यसनाचा प्रश्न त्यांनाही सतावतो आहे. मग एक डॉक्टर यकृताविषयी बोलले, एक गाणं झालं, आणि बाजारभाव सुरू झाले.

वाचलो होतो. खरं सांगते, मला इतका आनंद झाला की मी हसायलाच लागले. आई तव्यावरची भाकरी विसरून रेडिओकडे बघत होती.

"येवढंच?" ती म्हणाली.

सकाळी आमची पाळी होती. आम्ही तिघंही विहिरीवर गेलो. चुलते किल्ली घेऊन आले ते हसतच. "वहिनी, लई झ्याक नाव घेतलं राव. समद्या गिऱ्हाइकांनी ऐकलं आमच्याकडं."

आईने हातातलं खोरं खाली ठेवलं. मी मागून तिचा पदर ओढला. तिने तो सोडवून घेतला.

"भावजी, त्या बाईला म्या आणखी बी सांगितलं व्हतं. त्यांनी ते लावलं न्हाई. तुमी आता ऐका."

आणि तिने सगळं सांगितलं. व्हरांड्यात सांगितलं होतं तसंच, पहिल्यापासून, पोराच्या हातातल्या कपापर्यंत. माईक नव्हता, पण आवाज तेवढाच. वडील मान खाली घालून पायाने माती उकरत होते. चुलत्यांनी सगळं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाले, आणि मोटार चालू करून निघून गेले.

पुढच्या पाळीला खोलीला कुलूप होतं. त्याच्या पुढच्याही. गावात कुणी विचारलं तर चुलते सांगत, मोटार जळालीय. लोकांना ते पटलं; व्हरांड्यातल्या बायका चुलत्यांच्या धाकाने काही सांगत नव्हत्या, आणि बाकीच्यांनी दुसरं काही ऐकलंच नव्हतं. फुलं गळाली, मग पानं मुरडली. वडील आईवर ओरडतील म्हणून मी जीव मुठीत धरून होते. ते एका संध्याकाळी वाळलेल्या टोमॅटोच्या बांधावर तिच्याशेजारी जाऊन बसले.

"रेडिओवर समदं आलं आसतं, तरी हेच झालं आसतं," ते म्हणाले.

"हेच झालं आसतं," आई म्हणाली. "पर मग लोकांनी ऐकलं तरी आसतं."